पोटातला काळा तुकडा

"या पक्ष्याच्या पोटात प्लास्टिक निघालं, तर उद्यापासून तुझा कचरा आमच्या होडीत नाही," होडीवाल्या धर्माकाकांनी जागृतीला बजावलं.

तिच्या हट्टापायी खलाशी वर्षभर जाळ्यात आलेलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणत होते. गेल्या वर्षी मेलेल्या कुरव पक्ष्याच्या पोटात बाटलीची झाकणं होती. आज शाळेच्या टेबलावर दुसरा मेलेला कुरव होता आणि भोवती काका नि खलाशी.

जागृतीनं जठर चिरलं. माशांचे काटे, खवले आणि एक काळा, चकचकीत तुकडा!

"निघालं की गो!" काका हसले.

जागृतीनं तुकडा धुऊन निरखला आणि उडीच मारली. "काका, माकुलं नुसती खाता, साफ कधी केलीत? प्लास्टिक नाही, ही चोच आहे माकुलाची, स्क्विडची!"

खलाशी खो खो हसले. काका त्यांच्यावरच खेकसले, "दात काय काढता? प्लास्टिक भरायच्या पिशव्या घ्या होडीत!"