मशीन चालू असताना

या वयात पोटात बाळ लाथा मारतंय म्हटल्यावर थोरल्यानं मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. "आजी, गर्भपिशवी कधीच काढलीय. मेंदू जुनी जाणीव पुन्हा रंगवतोय. गोळीनं थांबेल." घरी सूनबाई पडदा शिवायला माळ्यावरून काढलेल्या शिलाई मशीनवर बसली आणि माझ्या पोटात ढुशी आली. तेव्हा टाळक्यात उजेड पडला. धाकट्याच्या वेळी मी याच मशीनवर दिवसभर पाय मारायचे. चाक फिरलं की आतून लाथ. मी दटावायचे, "मेल्या, भाडं देत नाहीस, वर दारं आपटतोस?" आता तो सातासमुद्रापार, फोनवर "बरी आहेस ना?" एवढंच. हे सांगताच सूनबाईनं गोळी पुढे केली. "मशीनही बंद ठेवते, आई." "गोळी तुझ्या नवऱ्याला दे, घाबरलाय तो. आणि पडदा अर्धवट कशाला सोडतेस? बस." तिनं चाक फिरवलं. मी पोटावर हात ठेवला. भाडेकरू घरातच होता.