हानी : शून्य

आमच्या कंपनीने वर्षभरात समाजाचं भलं किती केलं आणि नुकसान किती, याचा ताळेबंद मी मांडते. डावीकडे लाभ, उजवीकडे हानी. हानी धरायची तर कामगाराची लेखी तक्रार लागते. नुसतं सगळ्यांना माहीत असून भागत नाही. यंदा लाभात कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि तीनशे निवृत्त कामगारांना मोफत कानाची यंत्रं. हानीत शून्य. सगळ्या कंपन्यांत आमचा पहिला नंबर आला.

अहवाल घरी नेला. मुखपृष्ठावर कानाचं यंत्र लावून हसणारे म्हातारबुवा म्हणजे माझेच बाबा. तीस वर्षं याच कंपनीत पत्रा ठोकण्याच्या खात्यात होते. फोटो बघून असे हरखले, की शेजाऱ्यांना दाखवायला दार उघडून निघालेसुद्धा.

मला राहवलं नाही. "बाबा, कान गेले तेव्हा तक्रार का नाही केलीत?"

"आँ?"

मी कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं.

"केली होती की! चांगला दोन पानी अर्ज लिहिला होता," ते म्हणाले. हल्ली ते बोलतात ते अख्ख्या इमारतीला ऐकू जातं. "साहेब म्हणाले, दे खुशाल, पण मग मुलीच्या शिष्यवृत्तीचं आम्हाला बघावं लागेल. मग मीच तो तिथेच फाडला."

दार उघडंच होतं. मी आधी ते लावून घेतलं.