यूच्या झाडाखालचा क्रूस

फास हुवच्या गळ्यात पडला तेव्हा मारेद गर्दीतून पुढे आली.

चर्चच्या आवारातल्या जुन्या खांबावरून दगडी क्रूस रातोरात नाहीसा झाला होता. राजाविरुद्ध लढणाऱ्या, गावोगावचे क्रूस फोडत निघालेल्या पार्लमेंटच्या शिपायांना सकाळी गावातला एकुलता एक पाथरवट हुव सापडला. त्याच्या नखांत ओली माती होती.

"कुठं पुरलास?" कप्तानाने विचारले.

हुवने नखं मुठीत लपवली.

"तो काय पुरतोय!" मारेद म्हणाली. "रात्रभर माझ्या घरी चूल लिंपत होता. ती माती चुलीची."

"शपथ घेशील, म्हातारे?"

"घेते की. पण कशावर? क्रूस तर तुम्हाला नकोय."

एक शिपाई फिस्सकन हसला. मारेदने बायबलवर हात ठेवला. फास निघाला.

शिपाई गेल्यावर हुव तिच्या पायाशी बसला. "मावशी, माझ्यासाठी खोटी शपथ घेतलीत?"

"क्रूसासाठी घेतली. माझा पोरगा गिटो कालच राजाच्या फौजेत गेलाय. त्याच्यासाठी गुडघे कुठं टेकू? कुठं पुरलास, सांग."

"नका विचारू."

"गळा वाचवलाय तुझा."

हुवने आवाराच्या कोपऱ्यातल्या जुन्या यूच्या झाडाकडे पाहिले. "कुणाला उकरू देऊ नका."

तिने दिले नाही.

गिटोची वाग्दत्त वधू नेस्ट दोन वर्षे थांबली आणि मग हुवशी लग्न करून मोकळी झाली. मारेद थांबलीच. परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाला ती विचारायची, "वेणीसारखा चामड्याचा पट्टा घातलेला पोरगा पाहिलात का? मीच विणला होता." कुणी पाहिला नव्हता.

ईस्टरआधीच्या रविवारी गाव आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावून फुले वाहायचे. मारेदचा नवरा समुद्रात बुडालेला, त्याची कबर नव्हती. ती यूच्या बुंध्याशी डॅफोडिलची पिवळी फुले ठेवायची.

"मावशी, तिथं कोण झोपलंय?" बायका हसायच्या.

"कुणी नाही गं. झाडाला वाहिली."

बऱ्याच वर्षांनी गादीवर पुन्हा राजा आला. क्रूस पुन्हा उभारायचे ठरले तेव्हा मारेदनेच जागा दाखवली. हुवला निरोप धाडला. पाठ धरली म्हणून तो आला नाही.

शेजाऱ्यांनी खणले. क्रूस निघाला, कुठेही न तुटलेला. मारेदने शालीच्या टोकाने माती पुसली आणि कितीतरी वर्षांनी त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"मावशी, जरा बाजूला व्हा," खड्ड्यातून दावीद म्हणाला. "खाली माणूस आहे."

मग त्याने मातीतून चामड्याची एक वेणी वर काढली.