सातवी वही

नवरीच्या हातापायांना मेंदी थापून वर फडकी गुंडाळली होती, आणि अंगणातल्या बाकीच्या बायकांचीही तीच गत. कुणाला पान उलटता येत नव्हतं, की उठून जाता येत नव्हतं. म्हणूनच कानो शहरातल्या त्या गल्लीत मेंदीच्या दिवशी बिल्कीसूला तिने लिहिलेल्या गोष्टीची वही घेऊन वाचायला बोलावत.

आजवरच्या सहा वह्यांत गोष्टीतल्या असाबेवर एकेक संकट यायचं आणि मेंदी वाळेपर्यंत मिटायचं. बकरी हरवली, सापडली. चोरीचा आळ आला, फिटला. बायका निश्चिंत मनाने हात धुवायला उठायच्या.

आज असाबे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मोटारतळावर पोचली. गाडीत पाय ठेवणार, तोच मागून कुणीतरी तिला नावाने हाक मारली. तिथेच बिल्कीसूने वही मिटली. ही गोष्ट एका वहीत मावणार नाही हे लिहितानाच कळलं होतं. बायकांना ते कसं सांगायचं, हे मात्र सुचलं नव्हतं.

"अगं, वाच की," बिल्कीसूची आत्या म्हणाली.

वही संपली, म्हणून बिल्कीसूने सांगितलं. पुढचं पुढच्या वहीत.

मग जो काही गलका झाला. बांधलेले हात हवेत नाचू लागले. हाक मारणारा नवराच, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणे, बाप असणार, नवऱ्याला एवढी अक्कल कुठली.

आत्या तेवढी हसली नाही. "मी सत्तरीची बाई. पुढच्या वहीपर्यंत मी टिकेन, याची हमी तू देतेस? एका बैठकीत मिटतं म्हणून तर येते मी. कोण होतं ते सांग आणि मोकळी हो."

पाठीला बांधलेलं पोर सावरत बिल्कीसूने नवरीकडे पाहिलं. झुलाई तिची पाठची बहीण. उद्या ती सासरी मैदुगुरीला निघणार होती, दिवसभराच्या वाटेवर. तिला तरी पुढची वही कोण ऐकवणार होतं? सांगून टाकावं, म्हणून बिल्कीसूने तोंड उघडलं.

"सांगू नकोस," झुलाई म्हणाली. "सगळं मिटवून पाठवतेस का मला? माझं इथं काहीतरी अर्धं राहू दे."

आत्याने एकदा नवरीकडे पाहिलं, एकदा बिल्कीसूकडे, आणि मग पाय लांब पसरले.

"मग बसलीस काय? पाठीवरचं पोर टाक इकडे. हात बांधलेत माझे, मांडी मोकळी आहे. तू लिहायला लाग."