काचेचं टेबल

बारा चाळीसला तिने चपलांच्या दुकानामागच्या कोठीत, खोक्यांच्या आडोशाला उभं राहून पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. आठ युनिट. आता वीस मिनिटांच्या आत जेवायला हवं. सुट्टी पाऊण वाजता, तीही अर्ध्याच तासाची. म्हणून टोचण्याचं काम ती पाच मिनिटं आधी उरकत असे. दोन वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

इन्सुलिनचं पेन चष्म्याच्या घरात ठेवून ती बाहेर आली, तर बाकावर एक काकू पाय पुढे करून बसलेल्या.

"मऊ दाखव गं काहीतरी. टाच ठणकते माझी."

ती गुडघ्यावर बसली. पहिला जोड अंगठ्याला टोचला. दुसरा म्हातारीचा वाटला. चौथा बरा होता, पण रंग नको होता. गल्ल्यावरून मॅडम बघत होत्या. समोरचं गिऱ्हाईक सोडून उठायचं नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशीच सांगितलेलं. सहावा जोड घालून काकूंनी आरशापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

"घरी विचारून सांगते हं," त्या म्हणाल्या आणि स्वतःचे जुने सँडल चढवून निघून गेल्या.

एक वाजून पाच.

"मॅडम, जेवून येते."

"कुठे आग लागलीय का? जा. पस्तीसला हजर."

सांगता आलं असतं. पण उन्हाळ्यात शेजारच्या काउंटरवरची मुलगी फिट येऊन पडली होती. आठवड्याने ती दिसेनाशी झाली. तब्येतीमुळे सोडलं म्हणे. तिने सोडलं नव्हतं.

मॉलच्या तळघरात कर्मचाऱ्यांच्या खोलीला कुलूप होतं. दारावर कागद: औषध फवारणी, चार वाजेपर्यंत बंद. पैसे आणि फोन आतल्या कप्प्यात, कारण ते दुकानात न्यायचे नाहीत. तिच्या हातात फक्त ती पारदर्शक पिशवी, मॉलने सगळ्यांना दिलेली, म्हणजे पहारेकऱ्याला आतलं दिसावं. पिशवीत डबा आणि चष्म्याचं घर. एरवी साखरेच्या दोन गोळ्याही असत. त्या मागच्या आठवड्यात संपल्या, नव्या टाकायच्या राहून गेल्या होत्या.

बोटांची टोकं गार पडली होती. ती सरकत्या जिन्यावरून धावतच वर गेली.

वरचा अख्खा मजला तळणाच्या आणि भाजल्या पावाच्या वासाने भरला होता. तिने खांबाआडची खुर्ची ओढली. पारदर्शक पिशवीत डबा लपत नाही.

"पोरी, बाहेरचं इथे चालत नाही." पहारेकरी काका आवाज खाली आणून म्हणाले.

"चार घास, काका. लगेच उठते."

"वर कॅमेरा आहे. तुझंही जाईल आणि माझंही."

"मग आम्ही खायचं कुठे?"

"अगं, मजलाच खाण्याचा आहे," ते हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. ते दुसरीकडे बघू लागले.

स्वच्छतागृहात शिरून तिने कडी लावली, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली, डबा मांडीवर घेतला. पलीकडून पाणी सोडल्याचा आवाज आला. इथे जेवायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने इथे लागल्यापासून पाळली होती. डब्याच्या झाकणाखाली बोट अडकवून ती तशीच बसली. मग कडी काढून बाहेर आली.

एक वाजून अठरा. पाट्यांवरची अक्षरं कडेने विरघळत होती. ओठ बधिर. मानेमागून घाम उतरत होता आणि पाय आपणहून वळत होते, डावीकडे, मग परत उजवीकडे.

"अहो, चपलावाल्या ताई! तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं."

फर्निचरच्या दुकानाच्या दारात तो उंच विक्रेता उभा होता. मुली त्याला आपसात सोफासेट म्हणत. तीनशे खुर्च्यांच्या दुकानात दिवसभर उभा.

"जेवायला जागा हवी आहे. आत्ता."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागे. काचेचं मोठं टेबल, सहा खुर्च्या, रिकाम्या ताटल्या, मधोमध प्लॅस्टिकची सफरचंदं.

"बसा."

"तुमचे साहेब?"

"विचारलं तर सांगेन, गिऱ्हाईक बसून बघतंय. बसा आधी. पडाल."

झाकण दोनदा हातातून निसटलं. तिसऱ्यांदा त्यानेच उघडून दिलं आणि तो तिच्याकडे पाठ करून दाराच्या बाजूला आडोसा धरून उभा राहिला. भात, बटाट्याची भाजी. पहिले चार घास तिने न चावताच गिळले. पाचव्याला मिठाची चव लागली.

"अगंबाई, तू मघाची ना?"

टेबलाच्या टोकाशी त्याच काकू होत्या. मागे त्यांचे यजमान, हातात मोजपट्टी.

"ऊठ ना जरा. आम्हाला बसून बघायचंय."

तिचे गुडघे सवयीने सरळ व्हायला लागले. सोफासेट मागे वळला, काहीतरी बोलणार होता.

ती परत खाली टेकली.

"पाच मिनिटं थांबा, काकू," ती म्हणाली. "मी जेवतेय."

तिने पुढचा घास घेतला, सावकाश चावला. काकूंची नजर आधी डब्यावर गेली, मग काचेतून खाली. बूट कधी काढले ते तिलाही आठवत नव्हतं. काचेखाली तिची सुजलेली पावलं गार फरशीवर एकमेकांना चिकटून बसली होती.