कढत पाणी

फुलसावंगीत उत्तमराव पाटलांची सून अडली, म्हणून नर्स इंदूबाईंना बोलावणं गेलं. इंदूबाई गेल्याच दसऱ्याला बौद्ध झालेल्या. तेव्हा त्यांनी ओसरीवरूनच काय ते सांगावं, असं ठरलं. त्यांच्या सांगण्यावरून पाटलीणबाईंनी चुलीवर हंडाभर पाणी उकळलं.

इतक्यात सून किंचाळली आणि इंदूबाई आत धावल्या.

"काहून वं, घर बाटवतं काय?" म्हणत पाटलांनी त्यांच्या थोबाडीत दिली. मग आपण कोणाला शिवलो, हे ध्यानात येऊन बिचारे हादरलेच. बाळंतपणाच्या त्याच पाण्यात विसण घालून ते तडक आंघोळीला बसले.

गाल धरून पुन्हा ओसरीवर बसलेल्या इंदूबाई म्हणाल्या, "पाटलीणबाई, पाणी अखीन ठेवा; अन् तोवर सूनबाईले दम धर म्हणा."