साडेसातची टुकटुक

टुक.

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "झालं सुरू."

कोपऱ्यातला काळा डबा पुन्हा म्हणाला, टुक. थोडं थांबून परत, टुक. धाकटीने मोजले. पाच. मग डबा असा गप्प बसला, जसा काही तो त्या गावचाच नव्हता.

"रविवारच्या जेवणापर्यंत याचं बोंबलणं थांबलं नाही," बाबा म्हणाले, "तर सोमवारी भंगारात."

भाजी वाढणारा आईचा हात थांबला. "तिचं एवढंच राहिलंय घरात."

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि जेवू लागले.

डबा ताईचा होता. जुन्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जमवून तिने घरासाठी सर्व्हर उभा केला होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि घरातले झाडून सगळे फोटो. चार महिन्यांपूर्वी शिक्षण अर्धवट सोडून ती दूर नोकरीला निघाली, तेव्हा बाबा म्हणाले होते, पुन्हा या घराची बेल वाजवायची नाही, फोनसुद्धा करायचा नाही. ताई शब्दाची पक्की. तेव्हापासून ना बेल, ना फोन. त्याच दिवशी बाबांनी धाकटीकडून डब्याचा पासवर्डही बदलून घेतला. आई मात्र अजून फोन उशाशी घेऊन झोपायची.

टुकटुक सुरू होऊन दोन आठवडे झाले होते.

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या धाकटीने डबा पुढ्यात ओढला. वर ताईच्या अक्षरात चिठ्ठी होती. 'हात लावशील तर याद राख, टिंगू.' तिला टिंगू म्हणणारी ताई एकटीच. आता टिंगू बहुतेक ताईपेक्षा दोन बोटं उंच झाली होती, पण पाठीला पाठ लावून मोजायला ताई कुठे होती?

तिने झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी. रंगाच्या ब्रशने ती झाडली, पंखा पुसला, झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो तिने कंपासपेटीत लपवला.

साडेसातला पाच वेळा टुक.

शुक्रवारी तिला वाटलं, डबा तापत असेल. हात लावून पाहिला तर तिच्या कपाळापेक्षा थंड. मग तिने काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायला घेतले. पहिल्या हुकमाला उत्तर आलं, परवानगी नाही. दुसऱ्यालाही तेच.

"अरे, मी घरचीच आहे," ती स्क्रीनला म्हणाली.

आई शेजारी बसून मावशीला मेसेज लिहीत होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता.

"आई, तुझे मेसेज वाचायला गुप्तहेर लागतो."

"तुझ्या मावशीला कळतात. ताईलाही कळायचे." आईने फोन खाली ठेवला. "मला एक सांग, बिघाड कधी घड्याळ बघून येतो का?"

धाकटीला तरी कुठे कळत होतं. डोक्याचा पार भुगा झाला होता.

शनिवारी तिने शाळेत कॉम्प्युटरच्या मॅडमना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रोज एकाच वेळेला? मग हा बिघाड नाही. बाहेरून कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरायला बघतंय. चुकीचं नाव टाकलं की टुक वाजावं, अशी सोय बनवणाऱ्यानेच केली असणार. हुशार दिसतोय."

"ताईने बनवलाय," धाकटी म्हणाली.

मॅडमनी चिठ्ठीवर दोन हुकूम लिहून दिले. "पहिल्याने नोंदी दिसतील. ओळीच्या शेवटी आकड्यांचा पत्ता असतो. सगळीकडे एकच असेल, तर दुसऱ्या हुकमाने तो बंद करून टाक. मधल्या नावांकडे बघत बसू नकोस, चोर तिथे काहीही ठोकून देतात. आणि नोंदी छापून आण, वर्गाला दाखवू."

रविवारी सकाळी पहिला हुकूम टाकल्यावर स्क्रीन ओळींनी भरून गेली. दोन आठवडे, रोज पाच ओळी. मधे इंग्रजी अक्षरांचं लांबलचक काहीतरी कडबोळं आणि शेवटी तोच पत्ता. म्हणजे आपण जेवत असताना रोज कुणीतरी बाहेर उभं होतं.

दुसरा हुकूम तिने अक्षर अक्षर बघून टाइप केला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा स्क्रीन काहीच बोलली नाही. चार दिवसांत ती एवढं शिकली होती की लिनक्स गप्प बसलं, म्हणजे त्याने ऐकलं.

संध्याकाळी ताटं मांडली. सात पस्तीस. सात चाळीस. बाबांचा घास हवेतच थांबला होता. डबा ढिम्म.

"शाबास," बाबा म्हणाले. "जमलं की गं तुला. राहू दे मग तो डबा, असू दे कोपऱ्यात."

आईने डोळ्यांना पदर लावला. धाकटीने ऐटीत छापलेला कागद तिच्यापुढे धरला.

"हे बघ, असा पकडला चोर. कालचं सगळ्यात खाली आहे."

आईने चष्मा चढवला. "आणि नाव काय म्हणायचं याचं?"

"ते मधलं. काहीबाही आहे, वाचू नकोस."

पण आईचं बोट कालच्या पाच ओळींवरून सरकायला लागलं होतं. पहिल्याच ओळीला तिने मान वळवून डब्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"टिंगू," तिने वाचलं.

बाबांनी घास ताटात परत ठेवला.

"आई कशी आहे," आईने दुसरी ओळ वाचली. मग तिसरी, "बाबांचा राग गेला का." मग चौथी, "येऊन बेल वाजवू का."

पाचव्या ओळीवर बोट ठेवून तिने चष्मा काढला. शेवटी धाकटीनेच कागद ओढून घेतला आणि चिकटलेली अक्षरं एकेक सोडवत वाचली.

"नको असेल तर हे बंद करा. मला कळेल."